आधी महिना, मग देश: परदेशी बॅकपॅकिंगसाठी ठिकाण निवडताना

पाठीवर सॅक टाकून परदेश फिरायचा सल्ला घ्यायला आमच्याकडे येणारे बरेचजण देशाचं नाव पक्कं करूनच येतात. कुणाला व्हिएतनाम हवं असतं, कुणाला पेरू. आम्ही मात्र सगळ्यात आधी दोनच गोष्टी विचारतो: निघायचं कोणत्या महिन्यात आणि हातात दिवस किती? एवढं कळलं की यादीतली बरीच नावं आपोआप गळतात आणि उरलेल्यांत निवड करणं खूप सोपं जातं. हा विचार तुम्हाला घरबसल्याही करता यावा म्हणून हे पत्रक.

महिना

"थायलंडला कधी जावं?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. क्राबी आणि फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला आहेत, तिथे मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. थायलंडच्या आखाताच्या बाजूच्या को सामुई बेटावर सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. आणि उत्तरेला चियांग माईच्या आसपास फेब्रुवारी ते एप्रिल शेतातला पालापाचोळा आणि जंगलं जाळल्याचा धूर साचून राहतो. सुरुवातीच्या काळात आम्ही एका जोडप्याला मार्चमध्ये तिथे पाठवलं होतं. पाऊस नाही एवढंच आम्ही पाहिलं होतं. डोंगर बघायला गेलेल्या त्या दोघांना चार दिवस समोरचा डोंगरही नीट दिसला नाही. तेव्हापासून आम्ही देशाचं हवामान बघत नाही, ज्या गावी मुक्काम करायचा त्या गावाचं बघतो.

व्हिएतनामचंही तसंच आहे. देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब पसरलेला. जानेवारीत हनोईत स्वेटर लागतो आणि हो ची मिन्ह सिटीत घामाच्या धारा लागतात. मधल्या पट्ट्यातल्या हुए आणि होई आनला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुराचा धोका असतो. पूर्ण देश एका फेरीत करायचा हट्ट असेल तर कुठेतरी हवा बिघडलेली मिळणार, हे आधीच मान्य करून निघावं.

ट्रेकिंगच्या जागांचं वेळापत्रक याहून कडक असतं. पेरूमधली इंका ट्रेल, म्हणजे माचू पिचू या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे जाणारी पायवाट, दरवर्षी फेब्रुवारीत बंद ठेवतात. एरवीही दिवसाला पाचशेच जणांना वाट मोकळी असते आणि त्यात गाईड व हमालही मोजले जातात, त्यामुळे परमिट काही महिने आधी काढावं लागतं. चिलीतल्या तोरेस देल पाइने या राष्ट्रीय उद्यानाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि तिथेही कॅम्पची जागा आधी राखून ठेवल्याशिवाय मुक्कामी ट्रेक करता येत नाही. नेपाळात ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हे महिने चांगले. सुट्टी फक्त जुलै-ऑगस्टमध्येच मिळत असेल तर आम्ही मनापासून जॉर्जिया आणि किर्गिझस्तान सुचवतो. जॉर्जियात मेस्तिया ते उश्गुली ही चार दिवसांची गावागावांतून जाणारी वाट आहे. किर्गिझस्तानात तीन हजार मीटरवर सोंग-कुल तलाव आहे. त्याच्या काठी उन्हाळ्यात मेंढपाळ तंबूसारख्या युर्ता उभारतात आणि तिथे मुक्काम करता येतो. या दोन्ही जागांची नावं फार कमी लोक घेऊन येतात.

दिवस

एकूण दिवसांतून जाण्यायेण्याचे दिवस वजा करा, पोहोचल्यावर झोप सावरायला एक दिवस सोडा आणि उरलेल्याला तीनने भागा. जो आकडा येईल तेवढीच मुक्कामाची ठिकाणं ठेवा. पंधरा दिवसांत चार ठिकाणं बसतात. आठ ठिकाणं बसवलेले बेत आम्ही पाहिलेत, त्यात बस स्टँड सोडून फारसं काही बघून होत नाही.

प्रवास स्वतःच सुंदर असेल तर गोष्ट वेगळी. लाओसमध्ये थायलंडच्या सीमेवरच्या हुआय शायहून लुआंग प्रबांगला मेकाँग नदीतून जाणारी संथ बोट दोन दिवस घेते, वाटेत पाकबेंगला रात्र काढावी लागते. हे दोन दिवस वाया गेले असं समजू नका. घाई असेल तर राजधानी व्हिएन्टियान ते लुआंग प्रबांग हे अंतर डिसेंबर 2021 मध्ये सुरू झालेली रेल्वे सुमारे दोन तासांत कापते.

उंचीचे दिवस मात्र हिशेबात धरायलाच हवेत. बोलिव्हियात ला पाझच्या विमानतळावर उतरलात की तुम्ही थेट 4,061 मीटरवर असता. पेरूमधलं कुस्को सुमारे 3,400 मीटरवर आहे, पण माचू पिचू 2,430 मीटरवरच. म्हणून आम्ही सांगतो, कुस्कोला उतरल्यावर आधी खालच्या खोऱ्यात दोन रात्री काढा आणि मग वर या. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. 5,364 मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन येण्यात बारा दिवस जातात ते यासाठीच. त्यात ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान हवेमुळे हमखास अडकतं, तेव्हा दोन दिवस जास्तीचे हवेत. ते नसतील तर यंदा दुसरी वाट निवडा. उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होतो, आणि त्या बाबतीत आम्ही कुणाचाही आग्रह ऐकत नाही.

खर्च

"स्वस्त देश सांगा" असं म्हणताना लोक रोजचा खर्च बघतात. पण सहल दहा दिवसांची असेल तर बजेटचा मोठा वाटा विमान खाऊन टाकतं. अशा वेळी लांबच्या स्वस्त देशापेक्षा जवळचा जरा महाग देश बऱ्याचदा परवडतो. दोन महिने फिरायचं असेल तर हिशेब उलटतो. महाग देशातही वाट असते. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकायची मुभा आहे. वस्तीच्या घरापासून दीडशे मीटर दूर, आणि सहसा एका जागी दोन रात्रींपर्यंत. तिथे हॉटेलचा खर्च वाचतो, पण सॅकचं ओझं वाढतं.

कागदपत्रं

व्हिसाचे नियम तुमच्या पासपोर्टवर ठरतात, त्यामुळे मित्राला जमलं ते तुम्हालाही जमेलच असं नाही. शेंगेन गटात, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपातल्या देशांत, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. मध्य अमेरिकेतल्या काही शेजारी देशांतही असेच 90 दिवस एकत्र धरले जातात. विमान बदलताना मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या भागातून पुढे जाणार असाल तर लशीचा दाखला लागू शकतो, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो.

स्कूटर भाड्याने घेणारे इथे फसतात. व्हिएतनाममध्ये रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा वाहन परवाना चालतो, 1949 च्या कराराखालचा चालत नाही. दुकानदार गाडी हसत देईल, पण अपघात झाला तर विनापरवाना म्हणून विमा कंपनी हात वर करेल. विमा घेताना उंचीची मर्यादाही वाचा, पुष्कळ पॉलिसी ठरावीक मीटरच्या वर लागू होत नाहीत.

पहिल्यांदाच, एकट्याने

आमची पहिली पसंती स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागो या तीर्थयात्रेच्या पायवाटांना. त्यातली फ्रेंच वाट सुमारे 780 किलोमीटरची आहे, पण शेवटचे शंभर किलोमीटर चाललात तरी यात्रेचं प्रमाणपत्र मिळतं. पिवळे बाण वाट दाखवतात, चालणाऱ्यांसाठी अल्बेर्गे नावाच्या साध्या धर्मशाळा असतात आणि सोबत आपोआप जुळते. एकटं फिरायची भीती तिथे दोन दिवसांत जाते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्याकडे येताना

महिना आणि दिवस ठरवून या, देशाचं नाव नसलं तरी चालेल. गर्दीचा त्रास होतो का, डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, झोप लागते का, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे का, हे मोकळेपणाने सांगा. पासपोर्ट बरोबर आणा. परतीच्या तारखेनंतर तो सहा महिने चालणार आहे ना, आणि आत कोरी पानं किती उरलीत, हे घरूनच पाहून या.