ॲपॉस्ट्रॉफीच्या आधीचा एस

बडोद्यात दांडिया बाजारातून रावपुऱ्याकडे पायी निघा आणि दुकानांच्या, क्लासेसच्या इंग्रजी पाट्या वाचत जा. मालकाच्या नावापुढच्या एसची ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर लटकणारी स्वल्पविरामासारखी शेपटी, कुठे एसच्या आधी असते, कुठे नंतर, कुठे नसतेच. पेंटरला कुणी जाब विचारत नाही. शाळेतल्या पोराचा मार्क मात्र जातो.

इथल्या मराठी घरातलं मूल घरी 'रामचा, रामची, रामचं' म्हणतं आणि गल्लीत 'रामनो, रामनी, रामनुं'. दोन्हीकडे प्रत्यय वस्तूचं लिंग बघून बदलतो. इंग्रजी एस कशानेच बदलत नाही, म्हणजे खरं तर सोपा. घोळ आहे तो त्या शेपटीचा, आणि ती एसपेक्षा कितीतरी धाकटी आहे.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत संस्कृतसारख्या विभक्त्या होत्या. पुष्कळशा पुल्लिंगी-नपुंसकलिंगी नामांना षष्ठीत 'एस' (ई आणि एस) लागे. बाकीच्यांची रूपं वेगळी. आपल्याकडे देवाचं 'देवस्य' पण नदीचं 'नद्याः', तसंच. याची खूण वारांच्या नावांत उरली आहे. वेन्सडे म्हणजे वोडन देवाचा दिवस, त्यातला एस षष्ठीचाच. ट्यूसडे, थर्सडेतलाही तोच. संडे-मंडेत तो नाही, कारण सूर्य आणि चंद्र हे शब्द दुसऱ्या गटात चालत.

पुढे विभक्त्या झिजल्या आणि हा एकच प्रत्यय सगळ्या नामांना लागू लागला. बोलताना त्यातला ई बहुतेक ठिकाणी गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईतून ॲपॉस्ट्रॉफी इंग्रजीत आली, ती गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. 'सोऽहम्'मधला अवग्रह जसा लोपलेल्या 'अ'ची जागा दाखवतो, तेच हिचं काम. मालकीशी तिचा मुळात संबंध नव्हता. गळालेल्या ई-च्या जागी ती बसली.

मधल्या काळात एक गमतीदार समजूत पसरली. सोळाव्या-सतराव्या शतकात काही लोक 'द किंग हिज' असं, म्हणजे 'राजा त्याचा वाडा' या थाटात लिहीत, आणि एस हा 'हिज'चाच संक्षेप आहे असं मानत. मग राणीच्या वाड्याला 'हिज' कसं चालेल? तरी ही समजूत बराच काळ टिकली.

एकवचनातली ॲपॉस्ट्रॉफी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून स्थिरावत गेली. अनेकवचनात ती एसच्या नंतर ठेवण्याची रीत त्याहून उशिरा, एकोणिसाव्या शतकाकडे येताना रुळली. 'इट्स'ची, म्हणजे वस्तूच्या 'त्याचं'ची, कथा तर मुलांच्या बाजूची आहे; आज तो मालकीच्या अर्थी ॲपॉस्ट्रॉफीशिवाय लिहितात. 1611च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत हा शब्दच नाही. तेव्हा तो इंग्रजीत नवाच होता, आणि पुढे अठराव्या शतकापर्यंत मालकीच्या अर्थीही ॲपॉस्ट्रॉफीसकट छापला जाई. आज ज्यावर लाल रेघ पडते ते त्या काळी रीतसर छापलं जात होतं.

खुद्द इंग्लंडातही एकवाक्यता नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांनी 2012मध्ये पाटीवरची ॲपॉस्ट्रॉफी काढून टाकली. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही लागोपाठची स्टेशनं आहेत. पहिल्याच्या पाटीवर ॲपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नाही.