जेवल्याबरोबर फुटणारा घाम आणि दोन तासांनी फुटणारा घाम

कर्करोगामुळे किंवा अन्य कारणाने संपूर्ण जठर काढावे लागलेल्या आईला किंवा वडिलांना घरी आणल्यावर घरच्यांना सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट म्हणजे खाण्यानंतर अचानक येणारा झटका. दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हातापायांतले बळच जाते. पाहणाऱ्याला हा प्रकार दर वेळी सारखाच वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो दोन निराळ्या कारणांनी येतो आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर केल्यास त्रास वाढतो. डॉक्टर दोहोंना डंपिंग सिंड्रोम हेच नाव देतात. लवकर येणाऱ्याला अर्ली डंपिंग आणि उशिरा येणाऱ्याला लेट डंपिंग म्हणतात. कोल्हापूरच्या घरात या दोहोंची गल्लत फार सहज होते, कारण उन्हातून आलेल्या माणसापुढे गूळ-पाणी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे आणि कोणाला घाम फुटलेला दिसला की हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जातो.

हे दोन्ही झटके समजण्यासाठी जठर काय काम करत होते, हे आधी पाहावे लागते. जठरात अन्न नुसते पचत नाही. ते तिथे साठते, घुसळले जाते आणि खालच्या झडपेतून थोडे थोडे पुढे सोडले जाते. राधानगरी धरण आणि त्याचे दरवाजे दोन्ही एकदम नाहीसे झाले तर पावसाचे सारे पाणी जसे एका दमात भोगावती नदीत उतरेल, तसे जठर काढल्यावर खाल्लेले अन्न सरळ लहान आतड्यात उतरते, कारण शस्त्रक्रियेत अन्ननलिका लहान आतड्यालाच जोडलेली असते. जठरावाचून माणूस जगतो तरी कसा, असा प्रश्न भेटायला येणारे हमखास विचारतात. झुरिचचे शल्यचिकित्सक कार्ल श्लाटर यांनी संपूर्ण जठर काढण्याची शस्त्रक्रिया 1897 मध्येच यशस्वी केली होती. माणूस जगतो, नीट जगतो, फक्त जेवणाची सगळी रीत बदलावी लागते.

लवकरचा झटका खाणे सुरू असतानाच, किंवा खाल्ल्यावर साधारण 10 ते 30 मिनिटांत येतो. न घुसळलेले दाट अन्न, आणि त्यातही साखर, आतड्यात एकदम उतरली की तिला पातळ करण्यासाठी रक्तातले पाणी आतड्यात ओढले जाते. त्यामुळे आतडे फुगते आणि रक्तवाहिन्यांतले रक्ताचे प्रमाण तेवढ्यापुरते घटते. शिवाय आतड्यातून काही संप्रेरके एकदम सुटतात. म्हणून या झटक्यात पोटाची लक्षणे ठळक असतात: कळ येते, पोट तट्ट फुगते, गुरगुर ऐकू येते, मळमळते, अनेकदा लगेच पातळ शौचाला होते. सोबत घाम आणि धडधड असते, आणि माणसाला आडवे व्हावेसे वाटते. ही इच्छा योग्यच आहे, कारण आडवे झाल्याने अन्नाचा उतार मंदावतो आणि चक्करही कमी होते.

उशिराचा झटका खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी येतो, म्हणजे जेवणाची आठवणसुद्धा मागे पडल्यावर. आतड्यात एकदम उतरलेली साखर झपाट्याने रक्तात शिरते, स्वादुपिंड ती आवरण्यासाठी गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते, आणि साखर आत जाऊन संपली तरी इन्सुलिनचे काम चालूच राहते. परिणामी रक्तातली साखर खाली येते. इथे पोट शांत असते. हात थरथरतात, घाम येतो, एकाएकी भूक लागते, माणूस चिडचिड करतो किंवा अगदी गप्प होतो, बोलण्यात विसंगती येते आणि वेळेवर लक्ष गेले नाही तर शुद्धही हरपू शकते. वयस्कर माणसाच्या बाबतीत मला हाच झटका जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो येतो तेव्हा घरातले कामाला लागलेले असतात आणि म्हातारे माणूस एकटेच न्हाणीघरात किंवा जिन्यावर असू शकते.

आमच्या घरी दोन्ही प्रकार पाहायला मिळाले. एका दुपारी, जठर काढलेल्या आमच्या आण्णांनी मुगाची दाट आमटी आणि पाव भाकरी खाल्ली आणि शेवटी हौसेने थोडी काकवी घेतली. ताट उचलण्याआधीच त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने कपाळ पुसायला सुरुवात केली. पोटातली गुरगुर शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत होती. “मला वाईच आडवं होऊ दे,” एवढेच ते म्हणाले. आत्या साखरपाण्याचा पेला घेऊन आली आणि “दे की त्याला आधी,” म्हणाली. रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरवर आकडा 138 आला, म्हणजे साखर उतरलेली नव्हती. त्या पेल्यातली साखर आतड्यात गेली असती तर तिने आणखी पाणी ओढून घेतले असते आणि दोन तासांनी दुसऱ्या झटक्याला निमंत्रण दिले असते. पाठीमागे दोन उशा देऊन त्यांना टेकवले, अर्ध्या तासात चेहऱ्यावर तरतरी आली. दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी आग्रहाने दिलेल्या शिऱ्यानंतर, चहाच्या वेळेला, त्यांना स्वतःच्या सदऱ्याचे बटण लागेना. पोट दुखत नव्हते, काही मागतही नव्हते, नुसते बटणाकडे बघत बसले होते. तेव्हा आकडा 52 होता आणि साखरपाणी त्या क्षणी औषधच होते.

म्हणून पहिला प्रश्न घड्याळाला विचारावा: शेवटचा घास कधी खाल्ला? दुसरा प्रश्न पोटाला विचारावा: कळ आणि गुरगुर आहे की पोट शांत आहे? आणि निकाल ग्लुकोमीटरवर सोपवावा, कारण वेळेच्या सीमा काटेकोर नसतात आणि एकाच माणसाला दोन्ही झटके येऊ शकतात. आकडा 70 च्या खाली असेल तर साखर उतरली आहे असे धरावे. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि आकडा वर आल्यावर उकडलेले अंडे किंवा पनीरचा तुकडा यांसारखे प्रथिनांचे काहीतरी खाऊ घालावे. नुसत्या साखरेवर थांबल्यास तीच चढ-उतार पुन्हा होते. मशीन हाताशी नसेल आणि माणूस गोंधळलेला दिसत असेल, तर साखर उतरली आहे असे समजूनच वागावे, कारण त्या चुकीची किंमत कमी असते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा दुखणे हातात, जबड्यात जात असेल, तर त्याला डंपिंग समजून घरी बसू नये.

झटका आल्यावरचे उपाय असे परस्परविरुद्ध असले तरी तो येऊ नये म्हणून करायचे उपाय बहुतांशी एकच आहेत, आणि ते ताटात आहेत. दिवसातून सहा ते आठ वेळा थोडे थोडे खावे. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यत्वे जठरातच तयार होत असल्यामुळे जठर गेल्यावर भूक लागतेच असे नाही. तेव्हा “भूक लागली की सांगा” असे म्हणून चालत नाही, घड्याळाप्रमाणे वाढावे लागते. प्रत्येक खाण्यात अंडे, मासा, मऊ शिजवलेला खिमा, पनीर, दाट डाळ किंवा दही यांपैकी एक काहीतरी असावे आणि ते आधी खावे. घास बारीक चावून, सावकाश खावा. पाणी, ताक, चहा हे खाण्याबरोबर घेऊ नये. आधी किंवा नंतर निदान अर्धा तास सोडून घोट घोट घ्यावे.

हा शेवटचा नियम कोल्हापुरात पाळणे सर्वांत अवघड आहे. आपली सवय भाकरी कुस्करून वर रस्सा ओतण्याची. जठर नसलेल्या माणसासाठी नेमके हेच मिश्रण वाईट, कारण पातळ रश्शाबरोबर भाकरीही झर्रकन खाली उतरते. त्याऐवजी भाकरीचा मऊ पापुद्रा दाट पिठल्याबरोबर किंवा सुक्या खिम्याबरोबर द्यावा. आजाऱ्याला मटणाचे अळणी पाणी पाजण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण ते जेवणात न देता मधल्या वेळेत द्यावे, आणि खरी प्रथिने पाण्यापेक्षा मांसात आहेत हे विसरू नये. दूध कट्ट्यावरचे समोर पिळलेले म्हशीचे दूध हा आपल्याकडचा ताकद येण्याचा हुकमी इलाज. इथे मात्र ते टाळावे. ते न तापवलेले असते आणि जंतू मारणारे जठरातले आम्ल आता उरलेले नाही, शिवाय या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना दुधातली साखर पचत नाही. दही बहुतेकांना जास्त मानवते.

गुळाबद्दल स्पष्टच लिहायला हवे. “गूळ नैसर्गिक आहे, त्याने काही होत नाही,” असे समजावणारी प्रेमळ माणसे प्रत्येक घरी येतात. साखर, गूळ, काकवी, मध, उसाचा रस, फळांचा रस हे सर्व या आतड्याच्या दृष्टीने सारखेच आहेत, आणि त्यांतले पातळ पदार्थ तर आणखी लवकर उतरतात. गुऱ्हाळांच्या दिवसांत घरी आलेली काकवीची बाटली पाहून आपले माणूस मन मारते, याचे वाईट वाटते. पण गोड खायचेच असेल तर ते जेवणाच्या शेवटी, अगदी चमचाभर, प्रथिने पोटात गेल्यानंतर द्यावे आणि पुढचे तीन तास त्यांना एकटे सोडू नये. त्या वेळात दुचाकीही चालवू देऊ नये.

आडवे होण्याबाबत एक सूचना आवश्यक आहे. लवकरच्या झटक्यात पडून राहणे हिताचे असले तरी जठराबरोबर अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडपही गेलेली असते, आणि अगदी सपाट झोपल्यास पित्त वर येऊन घसा जळतो. म्हणून डोके आणि पाठ उंच ठेवूनच टेकावे. रात्रीचे शेवटचे खाणे झोपेच्या दोन-तीन तास आधी आटोपावे.

या झटक्यांचा आणखी एक परिणाम होतो, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. दोन-चार वेळा असा त्रास झाला की वयस्कर माणूस जेवणालाच घाबरू लागते. “आज नको, पोट जड आहे,” असे म्हणून ताट मागे सरते, आणि आधीच घटलेले वजन आणखी घटते. अशा वेळी आग्रह करून भागत नाही. त्यांना कारण समजावून सांगावे, कोणत्या पदार्थाने काय झाले ते त्यांच्यासमोरच वहीत लिहावे, आणि न त्रास देणारे दोन-तीन पदार्थ सापडले की काही दिवस त्यांवरच भर द्यावा. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करावे.

ही वही डॉक्टरांकडे न्यावी: खाण्याची वेळ, पदार्थ, झटक्याची वेळ, साखरेचा आकडा. आहार सांभाळूनही झटके थांबत नसतील तर औषधे आहेत, आणि दोन्ही प्रकारांसाठी ती नेहमी एकच नसतात. उशिराच्या झटक्यासाठी साखरेचे शोषण मंदावणाऱ्या अकार्बोजचा विचार होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आधीपासून चालू असेल तर त्याची मात्रा जठर गेल्यानंतर नव्याने ठरवून घ्यावीच लागते. घास अडकणे वाढत गेले, उलट्या थांबेनात, ताप आला किंवा शौच काळे झाले, तर वही भरत न बसता लगेच जावे. ब 12 जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरातच बनत असल्यामुळे त्याची इंजेक्शने, किंवा डॉक्टरांनी ठरवल्यास मोठ्या मात्रेच्या गोळ्या, जन्मभर चुकवू नयेत.

लवकरचा झटका बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत, आतड्याला आणि माणसाला नवी सवय लागली की, कमी होत जातो. उशिराचा मात्र काही जणांना शस्त्रक्रियेला बरेच महिने लोटल्यानंतर, सर्व सुरळीत झाले असे वाटत असतानाच पहिल्यांदा येतो; तेव्हा ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या वर्षभरानंतरही कपाटात आत न टाकता जेवणाच्या जागेजवळच ठेवाव्यात आणि पट्ट्यांची मुदत अधूनमधून तपासावी.