सलूनच्या खुर्चीत उतरलेलं बीपी

लॉस एंजेलिसमधलं कृष्णवर्णीयांचं सलून म्हणजे नुसता कल्ला. मशीनची घरघर, बास्केटबॉलवरून हमरीतुमरी, कुणाची तरी यथेच्छ टिंगल. केस कापून झाले तरी गिऱ्हाईक उठायचं नाव घेत नाही. रोनाल्ड व्हिक्टर या डॉक्टरांनी संशोधनासाठी नेमकी हीच जागा धरली. ५२ सलून, ३१९ पुरुष, सगळ्यांचा वरचा रक्तदाब १४० किंवा त्याहून जास्त. काही सलूनमध्ये फार्मासिस्ट येऊन बीपी मोजत आणि तिथेच औषध सुरू करून देत. बाकीच्या ठिकाणी न्हावी एवढंच सांगे, 'मीठ कमी कर, डॉक्टरला दाखव.' सहा महिन्यांनी पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ ने उतरला होता, दुसऱ्याचा ९ ने. हे निष्कर्ष २०१८ मध्ये आले.

आकडा गोळ्यांनी उतरला, गप्पांनी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर 'हसा आणि निरोगी राहा' म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळायचं. पण त्या गोळ्या माणसांनी घेतल्या त्या सलूनमध्ये. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सरकारी डॉक्टरांनी शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'पाहिला'. इतकं झाल्यावर दवाखान्याची पायरी कुणाला जड वाटली, तर त्यात नवल काय?

मुळात कृष्णवर्णीयांचं बीपी इतकं का चढतं? सार्वजनिक आरोग्याच्या संशोधक आर्लीन जेरोनिमस यांना १९९२ मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. गोऱ्या अमेरिकन स्त्रियांची विशीतली बाळंतपणं किशोरवयातल्यांपेक्षा बाळासाठी सुरक्षित होती. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मात्र विशीत धोका उलट वाढत होता. जणू त्यांचं शरीर वयाच्या पुढे धावत होतं. जेरोनिमस यांनी त्याला 'वेदरिंग' म्हटलं, म्हणजे ऊनपावसाने दगडाची होते तशी झीज. दुकानात मागे मागे फिरणारा रखवालदार, घरभाड्याला नकार, गाडी बाजूला घ्यायला लावणारा पोलीस. प्रत्येक वेळी अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, आणि ती पुरती ओसरायच्या आत पुढचा प्रसंग उभा राहतो.

म्हणून 'ओसरणं' महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन यांनी एका प्रयोगात लोकांना सांगितलं, 'मिनिटभरात भाषण तयार करा.' छातीत धडधड सुरू झाल्यावर कुणाला समुद्राच्या लाटांची फिल्म दाखवली, कुणाला खेळकर पिल्लाची, कुणाला रडवणारी, कुणाला अगदीच निरस. लाटा आणि पिल्लू पाहणाऱ्यांचं हृदय सर्वांत आधी ताळ्यावर आलं. गंमत अशी की, मुळात शांत बसलेल्या माणसाच्या हृदयावर आनंदी फिल्मचा परिणाम निरस फिल्मपेक्षा वेगळा झालाच नाही. आनंदाचं काम दिसलं ते ताण उतरवताना. प्रयोगशाळेतला मिनिटभराचा ताण आणि जन्मभराचा वंशभेद एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे खरंच. भेदभाव पिल्लाच्या फिल्मने जात नाही. त्याला कायदे, घरं आणि पगारच लागतात. पण तोवर शरीराला उसंत तर हवी!

ही उसंत मिळवायला संशोधकांनी शिकवावं लागलं नाही. टेक्सासमधल्या गुलामांना मुक्तीची बातमी मिळाली ती १९ जून १८६५ ला. पुढे सातच वर्षांनी, १८७२ मध्ये, ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीयांनी वर्गणी काढून दहा एकर जमीन विकत घेतली. पेरायला नव्हे, तर दरवर्षी त्या दिवशी जमून जल्लोष करायला. एमॅन्सिपेशन पार्क नावाचं ते मैदान आजही तिथेच आहे.