थोरलीच्या जिवावर चाललेली घरं: नोकरी, संसार आणि वयात आलेली मुलं

बाळंतपणाची रजा आणि पाळणाघर यांवर आपल्याकडे कायदे झाले, आंदोलनं झाली, भाषणंही भरपूर झाली. पण घरात एक मूल बारावीला, दुसरं दहावीला आणि तिसरं आठवीला असताना आईबाप दोघंही कामावर जात असतील, तर त्या मुलांकडे कोण बघतं? हा प्रश्न सरकारी कागदावर यायला बाळंतपणाच्या पहिल्या कायद्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं गेली.

मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या 1850च्या दशकात. गिरणगावातल्या घरांत तेव्हा बारा-तेरा वर्षांचं पोर सांभाळायचं पोर नव्हतंच, ते कमावतं पोर होतं. 1881च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली, 1891मध्ये ही अट नऊ वर्षांवर आली आणि 1922मध्ये बारावर. 1891च्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षं पुरी झाली की मुलगा मोठ्या माणसांत जमा. त्याच कायद्याने बायकांचं काम दिवसाला अकरा तासांपुरतं मर्यादित केलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 1890मध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली होती. सगळं कुटुंब एका वेळी घरात सापडेल असा आठवड्यातला तो एकच दिवस. आज आपण ज्याला ‘मुलांना वेळ देणं’ म्हणतो, त्याची मुंबईतली सुरुवात मी तरी त्या रविवारात पाहते.

गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. तान्ही पोरं झोपून राहावीत म्हणून त्यांना अफूची बाळगोळी चाटवून आया कामावर जात. त्या काळच्या सरकारी पाहण्यांत याच्या नोंदी आहेत, आणि त्या वाचताना आजही पोटात कालवतं. 1928मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. 1929मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. 1948च्या फॅक्टरी कायद्याने बायका मोठ्या संख्येने असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचं केलं, पण ते सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. सातव्या वर्षी मूल कायद्याच्या हिशेबातून बाहेर पडलं.

मग पुढची दहा-बारा वर्षं ते कोणी सांभाळलं? कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांत बाप मुंबईला, खानावळीत जेवून गाळ्यात पथारी टाकणारा. आई गावी शेत, गुरं आणि चार-पाच पोरं घेऊन मनीऑर्डरची वाट बघणारी. शिमगा, गणपती आला की बाप दिसायचा. आणि जिथे आईही मुंबईत कामाला होती, तिथे घर चालवलं थोरलीने. पहाटे नळाला पाणी आलं की पिंपं भरायची, धाकट्यांच्या वेण्या घालून त्यांना शाळेत सोडायचं, रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून यायचा, भात लावायचा, आणि आईची कामाची पाळी सुटेपर्यंत भावाला गॅलरीतून हाका मारत राहायचं. तिची स्वतःची शाळा सातवी-आठवीत सुटलेली असे. चाळीची उघडी दारं आणि शेजारच्या काकूंची नजर यांचाही मोठा आधार होता, हे खरं. पण चाळीच्या आठवणी काढताना आपण काकूंबद्दल भरभरून बोलतो आणि या मुलीबद्दल फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

जानेवारी 1982च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम परत आलंच नाही. घर चालवायची वेळ बायकांवर आली. खानावळवाल्या बायकांचं संघटन प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळातून उभं केलं होतं. 1959मध्ये गिरगावात सात जणींनी सुरू केलेल्या लिज्जतची पद्धतही अशा घरांना सोयीची: पीठ केंद्रावरून न्यायचं, पापड घरीच लाटायचे. कमाई घरात राहून होत होती, म्हणून मुलं डोळ्यांसमोर राहत होती.

याच सुमाराला शिक्षण बदललं. 1975पासून दहावी-बारावीचा आकृतिबंध आला. 1980च्या दशकात राज्याने मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत केलं. थोरली कॉलेजात जाऊ लागली, आणि ती जावी यासाठीच तर सगळी धडपड होती. पण तिने उचललेलं काम आता कोणाकडे? आईकडेच. 1992मध्ये चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली. गाडीत गवार मोडणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका घरी पोचल्यावर क्लासहून येणाऱ्या मुलांना ताट वाढणार होत्या.

सहाव्या वेतन आयोगानंतर, सप्टेंबर 2008मध्ये केंद्र सरकारने महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा दिली. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी, संपूर्ण नोकरीत 730 दिवस. आदेशात कारणं म्हणून आजारपणाबरोबर परीक्षेचाही उल्लेख होता. वयात आलेल्या मुलालाही आई लागते, हे सरकारने पहिल्यांदा असं स्पष्ट लिहिलं.

लिहिलं तरी मिळेलच असं नाही. अंदमान-निकोबार प्रशासनातल्या एका कर्मचारी महिलेने मुलाच्या दहावीसाठी ही रजा मागितली. घरात आई हृदयरोगी, सासरे जवळजवळ अंथरुणाला खिळलेले. कार्यालयाने 45 दिवस मंजूर केले. प्रशासकीय न्यायाधिकरण तिच्या बाजूने गेलं, उच्च न्यायालय विरोधात. शेवटी एप्रिल 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सलग 730 दिवसांपर्यंतही रजा देता येते असा निकाल दिला. त्या मुलाची दहावी तोवर कधीच मागे पडली होती.

डिसेंबर 2018पासून केंद्राच्या एकल पुरुष कर्मचाऱ्यांनाही ही रजा मिळते. पहिले 365 दिवस पूर्ण पगारी, पुढचे 365 दिवस 80 टक्के पगारावर. महाराष्ट्र सरकारनेही 2018मध्येच 180 दिवसांची रजा लागू केली. पत्नी हयात नसलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या कर्मचाऱ्यालाही ती आहे. मात्र दोन्हीकडे ही रजा पहिल्या दोन मुलांसाठीच. घरात तीन मुलं असतील आणि सगळ्यात अडचणीत तिसरं असेल, तर नियम त्याला मोजत नाही. वयात आलेल्या मुलांपैकी कोणाला कधी आधाराची गरज पडेल हे जन्मक्रमावर ठरत नसतं, त्यामुळे ही अट बदलायलाच हवी असं मला ठामपणे वाटतं. खासगी नोकरीत अशी रजा देण्याचं कायदेशीर बंधन नाही. 2017च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवडे झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. म्हणजे पुन्हा तान्ह्या मुलांचीच सोय. आणि चार घरची धुणीभांडी करून तीन मुलांना शिकवणारी बाई यातल्या कुठल्याच आदेशात बसत नाही. दहावीच्या पेपरला मुलीसोबत केंद्रावर जायचं तर तिचा त्या दिवसाचा खाडा पडतो. कित्येकदा बाई परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी घ्यायची टाळते आणि दुपारच्या कामांना तिच्या जागी घरातली दुसरी मुलगी जाते.