मारकुट्या घरात धाकट्याला जपताना

विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सेथ पोलॅक यांनी मुलांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. आधी अगदी धूसर, मग टप्प्याटप्प्यानं स्पष्ट होत जाणारी. घरात मार खाल्लेली मुलं रागावलेला चेहरा इतर मुलांपेक्षा लवकर ओळखत होती. दारात चपला कशा काढल्या जातात यावरून ‘आज काही खरं नाही’ हे अशा घरातल्या ताईला कळतं, ते असंच. ही शक्ती महागात पडलेली असते, पण तिच्यामुळे काही मिनिटं हाताशी मिळतात. धाकट्याला बाहेर काढायचं ते त्या मिनिटांत.

अनेकदा होतं उलटं. मार सुरू झाल्यावर मोठं भावंड मधे पडतं. माया कळते, पण संतापलेला माणूस त्यानं थांबेलच असं नाही. दोघांनाही लागतं, कडेवरचं बाळ ओढाताणीत पडतं. वर्षाच्या आतल्या बाळाला नुसतं गदागदा हलवणंही जिवावर बेतू शकतं. डोकं शरीराच्या मानानं जड, मान दुबळी. हिसक्यानं मेंदूवरच्या बारीक शिरा तुटतात आणि आत रक्त साचतं. बाहेर ओरखडाही नसतो. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, उलट्या किंवा झटके आले, तर लगेच रुग्णालय गाठायचं आणि डॉक्टरांना ‘हलवलं होतं’ हेच सांगायचं. ‘पलंगावरून पडलं’ म्हटलं की तपासणीची दिशाच चुकते.

तयारी शांत दिवशी करावी. घरात संशय येणार नाही असं एक वाक्य ठरवा: ‘तुझी भूगोलाची वही शेजारीच राहिली ना?’ ते ऐकलं की धाकट्यानं चपला घालून ठरलेल्या घरी जायचं. दोन-तीनदा खेळ म्हणून करून घ्या, कारण भीतीनं गोठलेल्या मुलाला नवीन काही सुचत नाही; सवयीचं तेवढं जमतं. बाहेर पडता आलं नाही तर स्वयंपाकघर टाळा, तिथं सुरी आणि गॅस आहे. न्हाणीघरही नको, तिथून पळायला वाट नसते. मुलाला स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, जवळची खूण आणि दोन क्रमांक पाठ हवेत: जीवावर बेतलं तर ११२, एरवी १०९८. १०९८ ही बालमदतवाहिनी १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. आज ती देशभर चोवीस तास, मोफत चालते.

मार थांबल्यावरही शरीर थांबत नाही. कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनालिन ही ताणाची संप्रेरकं रक्तात असतात, छाती धडधडत असते. अशा वेळी प्रश्नांची सरबत्ती नको. शेजारी बसा, गरम दुधावर घालतो तशी लांब फुंकर घालायला सांगा. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. ‘तुझी चूक नाही’ हे मोठ्यानं म्हणा. हवाई बेटांपैकी काउआईवर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बाळांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी दशकानुदशकं मागोवा घेतला. हलाखीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट, मायाळू प्रौढ झाली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं माणूस होतं. ते आजीआजोबा असत, कधी मोठं भावंडही.

मग ‘काय झालं?’ एवढंच विचारा. ‘बाबांनीच मारलं ना?’ असं विचारलंत तर पुढे जबाबावर शंका घेतली जाते. उत्तर मुलाच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. नडगी, गुडघा, कपाळ इथले वळ खेळतानाचे असू शकतात. चार वर्षांखालच्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटापाठीवर वळ असेल, किंवा चार महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठंही, तर डॉक्टर सावध होतात. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरत नाही, म्हणून फोटो त्याच दिवशी घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि घरी तपासल्या जाणाऱ्या मोबाइलवर ठेवू नका. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर फोटो नको, अंघोळ नको, कपडे धुणं नको, थेट रुग्णालय. तातडीच्या उपचारांसाठी आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही.

‘तक्रार केली तर आश्रमात टाकतील, ताटातूट होईल’ ही भीती सगळ्यांत जास्त तोंड बंद करते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय आहे. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढे मूल स्वतः जाऊ शकतं. पोलिसांनी किंवा इतरांनी नेलं तर प्रवास वगळून चोवीस तासांत हजर करावं लागतं. समिती सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत मागवते, अंतिम आदेश चार महिन्यांत अपेक्षित असतो. आजी, मावशी किंवा सज्ञान भाऊ-बहीण यांच्याकडे ‘योग्य व्यक्ती’ म्हणून ताबा देता येतो आणि मुलाला काही काळ सांभाळणारं दुसरं कुटुंब (फॉस्टर फॅमिली) शोधताना भावंडं एकत्र ठेवण्याचा प्रयत्न करावा, असं कायदाच सांगतो. मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या पालकाला कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मोठं भावंड स्वतः अठराच्या खाली असेल तर तेही या कायद्यानं मूलच आहे. १०९८ ला फोन केलात तर नाव दोघांचं सांगा. धाकट्याचा जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड यांच्या प्रती मावशीकडे किंवा शाळेतल्या विश्वासातल्या बाईंकडे आधीच देऊन ठेवा. घाईत घर सोडताना नेमकी ही कागदपत्रं कपाटात कुलपाखाली राहतात.