जाब विचारणं आणि लुडबुड करणं

बँका, शेअर बाजार, विमा यांच्यावर नजर ठेवणाऱ्या नियामक संस्थेला एखाद्या मंत्र्याने किंवा खासदाराने काही विचारलं की दोन आवाज हमखास उठतात. एक म्हणतो, राजकारण्यांनी यात नाक खुपसू नये. दुसरा म्हणतो, आम्हाला लोकांनी निवडून दिलंय, आम्ही जाब विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी असल्याने त्यांची सरमिसळ फार सहज होते. त्यातून होणारं नुकसान सोसतात ते ठेवीदार, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

यासाठी अमेरिकेतलं १९८७ सालचं प्रकरण मला सगळ्यांत उपयोगी वाटतं. कॅलिफोर्नियातल्या लिंकन सेव्हिंग्ज या ठेवी घेऊन घरकर्जं देणाऱ्या संस्थेची तपासणी चालू होती. ठेवीदारांचा पैसा थेट जोखमीच्या गुंतवणुकीत किती घालता येईल यावर नियामकाने मर्यादा घातली होती आणि लिंकनने ती ओलांडली होती. तिच्या मालक कंपनीचे प्रमुख चार्ल्स कीटिंग यांनी पाच सिनेटरांच्या (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, सदस्यांच्या) निवडणुकांना आणि त्यांच्याशी संबंधित संस्थांना मिळून १० लाखांहून अधिक डॉलर दिले होते किंवा मिळवून दिले होते. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांपैकी चौघांनी नियामक मंडळाचे अध्यक्ष एडविन ग्रे यांना एका सिनेटरच्या कार्यालयात बोलावलं. सोबत एकही कर्मचारी आणायचा नाही, अशी अट होती. ग्रे यांच्या सांगण्यानुसार तिथे देवाणघेवाणीचा प्रस्ताव आला: तुम्ही हा नियम सैल करा, लिंकन घरकर्जं वाढवेल. त्या सिनेटरांना हे वर्णन मान्य नव्हतं. आठवडाभराने पाचही सिनेटर सॅन फ्रान्सिस्कोच्या तपासनिसांसमोर बसले. हे प्रकरण फौजदारी कारवाईसाठी पाठवणार आहोत, असं तपासनिसांनी त्यांना तिथेच सांगितलं.

त्यानंतर काय झालं? ग्रे यांची मुदत संपली. नवे अध्यक्ष आले आणि लिंकनची फाइल सॅन फ्रान्सिस्कोच्या तपासनिसांच्या हातून काढून वॉशिंग्टनला नेली गेली. संस्था ताब्यात घ्यायला एप्रिल १९८९ उजाडला. मधल्या काळात लिंकनच्या शाखांमधूनच मालक कंपनीचे रोखे विकले जात होते. घेणाऱ्यांत वयस्कर माणसं खूप होती आणि हे रोखे ठेवींसारखेच विमा असलेले आहेत, अशी अनेकांची समजूत होती. तसा विमा त्यांना नव्हता. २०,००० हून अधिक लोकांचे पैसे अडकले आणि करदात्यांवर २ अब्ज डॉलरहून जास्त बोजा पडला.

सिनेटरांचा बचाव असा होता: आमच्या राज्यातल्या एका उद्योगाची तक्रार आम्ही पोहोचवली, लोकप्रतिनिधीचं कामच ते. हा बचाव झटकून टाकण्यासारखा नाही. अर्ज वर्षभर पडून आहे, त्याचं काय झालं, हे खासदाराने विचारलंच पाहिजे. सिनेटने १९९२ मध्ये याच प्रश्नावर नियम केला. त्यानुसार सदस्य माहिती मागू शकतो, लवकर निर्णय घ्या म्हणू शकतो, फेरविचाराची मागणीही करू शकतो. पण कुणासाठी धावायचं हे देणग्यांवरून ठरवता येणार नाही.

पण माझ्या मते देणगी ही खरी सीमारेषा नाही. देणगी नसतानाही लुडबुड होते. खरा फरक तीन ठिकाणी दिसतो: बोलणं सगळ्यांना लागू असलेल्या नियमाबद्दल आहे की एका नावाबद्दल, ते निर्णय झाल्यावर होतंय की तपास चालू असताना, आणि त्याचा कागद उरतो की नाही. यांत कागदाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. सेबी ही आपल्याकडची शेअर बाजाराची नियामक; १९९२ च्या सेबी कायद्यात केंद्र सरकार धोरणाच्या प्रश्नावर तिला निर्देश देऊ शकतं, पण ते लेखी असावे लागतात. प्रश्न धोरणाचा आहे की नाही हेही सरकारच ठरवतं, ही त्यातली फट आहेच. तरीही लेखी निर्देशावर कुणाची तरी सही असते, फोनवरच्या निरोपावर कुणाचीच नसते.

जाब विचारणं चांगल्या रीतीने कसं होतं, हे ब्रिटनमध्ये दिसतं. १९९७ पासून महागाईचं लक्ष्य, म्हणजे ती किती टक्के असावी हे, सरकार ठरवतं आणि व्याजदर तिथली मध्यवर्ती बँक, बँक ऑफ इंग्लंड, ठरवते. महागाई लक्ष्यापासून एका टक्का-बिंदूहून जास्त दूर गेली की गव्हर्नरला अर्थमंत्र्यांना खुलं पत्र लिहावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. भारतातही सलग तीन तिमाहींत लक्ष्य चुकलं की रिझर्व्ह बँकेला सरकारला कारणांचा अहवाल द्यावा लागतो. २०२२ मध्ये ती वेळ आली, अहवाल गेला, पण तो जाहीर झाला नाही. जाब सरकारने घेतला, जनतेला मात्र कळला नाही.

कायदेशीर वाट वापरली म्हणजे लुडबुड नाही, असंही समजू नये. तुर्कस्तानात मार्च २०२१ मध्ये मध्यवर्ती बँकेने व्याजदर १७ वरून १९ टक्क्यांवर नेला आणि दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने गव्हर्नर नाजी आबाल यांना हटवण्यात आलं. आदेश उघड होता, कागदही होता. पण पुढच्या गव्हर्नरला मिळायचा तो इशारा मिळाला. पुढे दर खाली आणले गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई ८५ टक्क्यांवर गेली. नेमणूक, मुदतवाढ, बदली, अंदाजपत्रक या सगळ्या अशाच वाटा आहेत. त्या वापरण्याचा अधिकार कुणाचा आहे एवढं पाहून भागत नाही, नेमक्या कोणत्या निर्णयानंतर वापरल्या हेही पाहावं लागतं.

उलट बाजूही आहे. एखादी बँक बुडाल्यावर संसदीय समितीने 'तुमच्या तपासनिसांना हे तीन वर्षं दिसलं कसं नाही?' असं विचारलं, तर प्रश्न कितीही झोंबरा असला तरी ती ढवळाढवळ होत नाही. स्वायत्तता निर्णय घेण्यापुरती असते. घेतलेल्या निर्णयाचं स्पष्टीकरण देण्यातून ती सूट देत नाही. ढवळाढवळीची ओरड करून असा प्रश्न टाळणारा नियामक ठेवीदारांचं तेवढंच नुकसान करतो.

लिंकन प्रकरणातल्या त्या दुसऱ्या बैठकीत विल्यम ब्लॅक नावाचे एक अधिकारी बसून जवळपास प्रत्येक वाक्य टिपून घेत होते. कोणता सिनेटर काय म्हणाला, हे आज आपल्याला त्या टिपणांमुळे वाचता येतं. पहिल्या बैठकीत एकही कर्मचारी नव्हता आणि तिथे काय ठरलं, यावर त्या खोलीतल्या माणसांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.