आडवा पडलेला गहू किती पाणी पितो?

मार्चात तापीकाठच्या शिवारात एखाद्या संध्याकाळी वावधन सुटतं, पाठोपाठ अवकाळी पाऊस, आणि सकाळी ओंब्यांनी लगडलेला गहू चटईसारखा अंथरलेला दिसतो. नुकसानीचं बोलून झालं की बांधावर हमखास प्रश्न येतो: "गहू पुरा आडा पडी गया भो. आते पानी देवानं का नई?"

बहुतेकांना वाटतं, पीक अशक्त झालंय, म्हणजे त्याला पाणी जास्त लागणार. होतं उलटच.

उभा गहू मार्चच्या उन्हात दिवसाला साधारण चार-पाच मिलिमीटर पाणी हवेत सोडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटर. हिशेब केला तर रोज जवळपास दोन टँकर! हे पाणी उडवण्यात उन्हाबरोबर वाऱ्याचाही हात असतो. उभ्या पिकाचा माथा खडबडीत असतो. वारा ओंब्यांत अडखळतो, गिरक्या घेतो आणि पानांमधली दमट हवा उपसून वर नेतो. पीक झोपलं की तोच वारा वरून सरकून जातो. पाण्याची गरज काढायला जगभर वापरलं जाणारं पेनमन-माँटीथ सूत्र पिकाचा हा खडबडीतपणा उंचीच्या साधारण एक-अष्टमांश धरतं. मीटरभर गहू फूटभरावर आला, तर वाफेला वर जाताना होणारा हवेचा अडथळा या सूत्राने दुपटीहून थोडा जास्त येतो. म्हणून पाणी निम्म्यावर येतं असं मात्र नाही, कारण ऊन तेवढंच असतं.

पण ऊन पोचतं कुठे? वरच्या थरापर्यंत. खालची पानं अंधारात जातात आणि त्यांची पर्णरंध्रं मिटू लागतात. एक ताट उपटून पाहा: खालच्या पेरांजवळ ते शरबताच्या नळीसारखं चिमटलेलं असतं, पाणी वर चढायची वाटच अरुंद झालेली. शेजारचा उभा गहू नऊ वाजता कोरडा होतो, तेव्हा आडव्या गव्हाखाली हात घातला तर बोटं ओली होतात आणि कुबट वास येतो.

ज्वारी-मक्याचं थोडं निराळं. तिथे पानं एकमेकांवर घासून फाटतात, त्यांच्यावरचा मेणाचा थर खरवडला जातो, आणि रंध्रं मिटली तरी जखमेतून पाणी झिरपत राहतं. कडा वाळल्या की ही गळती थांबते. मका मोडून मध्येच उघडी जागा पडली, तर काळ्या जमिनीला ऊन लागतं आणि भेगांवाटे ओल जाते. म्हणजे एकाच वाऱ्याने एका शेतातली ओल टिकते, दुसऱ्यातली उडते. सरसकट सल्ला देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

गव्हाला मात्र लगेच पाणी भरू नये. चिखलात मुळांची पकड आणखी सुटते, उरलेसुरले ताटही पुढच्या झोताला लोळतात, वर बुरशीला आयतंच फावतं. पीक चिकात, म्हणजे दाण्यांत दूध भरत असताना पडलं असेल, तर चार-पाच दिवस थांबून ओंब्यांकडे बघावं. वरच्या पेरांच्या खालच्या बाजूच्या पेशी लांबतात आणि ओंबी मान वर काढते. अशी ताटं अजून पाणी ओढताहेत. तिथे वीतभर खोल माती उकरावी. मुठीत दाबून गोळा होत असेल, तर पंप बंदच ठेवावा.